उरलेल्या रात्री कोणाच्या? : डिस्नेच्या पॉइंटांचे पोटभाडे आणि सुट्टीची मालकी

१

डिस्नेलँड हा विषय साहित्याच्या वर्गाला अपरिचित नाही. उत्तर-आधुनिकता शिकवताना उंबेर्तो एको यांचा अमेरिकेतील अतिवास्तवाविषयीचा १९७५ सालचा निबंध आणि ज्याँ बोद्रियार यांचे 'सिम्युलाक्रा'विषयीचे १९८१ सालचे पुस्तक यांचा उल्लेख ओघानेच येतो. त्याही आधी, १९७३ मध्ये, लुई मारँ यांनी डिस्नेलँडकडे एका अवनत युटोपियाचा नमुना म्हणून पाहिले होते. डिस्नेलँड उघडउघड खोटे असल्यामुळे त्याच्या कुंपणाबाहेरची अमेरिका खरी आहे असा भास निर्माण होतो, हे सूत्र विद्यार्थी उत्तरपत्रिकेत नेमाने लिहितात. उत्तर बरोबर असते आणि त्याला गुणही मिळतात. मात्र या साऱ्या विवेचनात किल्ला आहे, बाहुल्या आहेत, रांगा आहेत. दिवसभर किल्ला पाहून दमलेली माणसे रात्री झोपतात कुठे, आणि त्या खाटेचे पैसे कोणी, केव्हा व कोणत्या हिशेबाने भरलेले असतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात तो विचारायचा आहे. फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचे एखाद्या कुटुंबाच्या मनात येते. सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांवर आलेली असते. हॉटेलचे दर परवडत नाहीत. अशा वेळी हे कुटुंब 'डिस्ने व्हेकेशन क्लब' या टाइमशेअर योजनेच्या एखाद्या अनोळखी सभासदाकडून त्याचे पडून राहिलेले पॉइंट भाड्याने घेते आणि त्या पॉइंटांवर मिळणाऱ्या खोलीत राहते. वरवर पाहता ही नुसती काटकसर आहे. परंतु सुट्टी ही कोणाच्या मालकीची वस्तू असते, आणि ती वापरली गेली नाही तर कोणाची होते, असा एक मूलभूत वाद या व्यवहाराच्या तळाशी आहे. या वादात आमचे मत पोटभाड्याने देणाऱ्या सामान्य सभासदाच्या आणि त्याच्या पोटभाडेकरूच्या बाजूचे आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहावा लागेल.

२

वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा उद्यानाभोवतीची जमीन त्यांच्या ताब्यात नव्हती. पाहता पाहता त्या जमिनीवर इतरांची हॉटेले उभी राहिली आणि डिस्नेच्या पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्या गल्ल्यात जाऊ लागला. फ्लॉरिडात हे पुन्हा घडू द्यायचे नव्हते. म्हणून १९६० च्या दशकात निरनिराळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन गुपचूप खरेदी करण्यात आली. खरेदीदार कोण हे १९६५ साली उघड झाले. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये वॉल्ट डिस्ने यांचे निधन झाले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. येथे पहिल्या दिवसापासून उद्यानाबरोबर हॉटेलेही कंपनीच्याच आवारात होती. अ‍ॅनाहाइममध्ये फक्त दिवस विकता येत होता. ऑरलँडोजवळच्या या दलदलीत रात्रही विकता येऊ लागली.

टाइमशेअरची कल्पना मात्र अमेरिकेत जन्मलेली नाही. स्वित्झर्लंडमधील 'हापिमाग' ही संस्था १९६३ सालची. त्याच दशकात फ्रेंच आल्प्समधील बर्फाच्या गावांतही हा प्रयोग झाला. एक घर, अनेक मालक, आणि प्रत्येक मालकाच्या वाट्याला वर्षातील एक ठरलेला आठवडा असे त्याचे मूळ रूप होते. दरवर्षी त्याच गावी जाण्याचा लोकांना कंटाळा येतो हे ध्यानात आल्यावर आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देणाऱ्या संस्था निघाल्या. 'आरसीआय' ही त्यांपैकी ठळक संस्था १९७४ साली अमेरिकेत स्थापन झाली. फ्लॉरिडात या धंद्याने एवढा जोर धरला, की १९८१ साली त्या राज्याला टाइमशेअरसाठी वेगळा कायदा करावा लागला. या कायद्याप्रमाणे खरेदीदाराला सही केल्यानंतर दहा दिवसांच्या आत करार रद्द करण्याची मुभा असते. ही तरतूद बोलकी आहे. माणसे येथे विचार करण्याआधी सही करतात, हे जणू कायद्यानेच मान्य केले आहे.

डिस्नेने या क्षेत्रात १९९१ साली पाऊल टाकले. आज 'ओल्ड की वेस्ट' या नावाने ओळखले जाणारे रिसॉर्ट हे या क्लबचे पहिले रिसॉर्ट. ठरलेला आठवडा विकण्याची जुनी रीत कंपनीने सोडली आणि त्याऐवजी पॉइंट विकायला घेतले. हा बदल हिशेबाच्या सोयीसाठी झाला असे वाटेल. आमच्या मते तो सुट्टीच्या कल्पनेतलाच बदल होता.

३

पॉइंट म्हणजे नेमके काय? कायद्याच्या भाषेत सभासद एका रिसॉर्टमधील अविभक्त हिश्शाचा मालक असतो. त्याच्या नावे रीतसर खरेदीखत होते. त्या हिश्शाच्या प्रमाणात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात त्याच्या खात्यावर पॉइंट जमा होतात. कोणत्या रिसॉर्टमध्ये, कोणत्या आकाराच्या खोलीत, खिडकीतून काय दिसते त्यानुसार, आणि वर्षाच्या कोणत्या काळात राहायचे, यावर एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे ठरते. नाताळचा आठवडा महाग असतो, तर शाळा सुरू झालेल्या आणि चक्रीवादळांचे दिवस असलेल्या सप्टेंबरातल्या रात्री स्वस्त असतात. एखाद्या निवासाचे वर्षभराचे एकूण पॉइंट मात्र ठरलेले असतात. कंपनीला एका दिवसाचा भाव वाढवायचा असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवसाचा कमी करावा लागतो. म्हणजे हा तक्ता एक प्रकारचे पंचांगच आहे. कोणता दिवस किती हवाहवासा आहे याची आकड्यांत केलेली नोंद असे हे पंचांग दरवर्षी निघते.

या पंचांगाला मुदतींचे काटेकोर नियम आहेत. स्वतःच्या 'होम रिसॉर्ट'चे आरक्षण अकरा महिने आधी करता येते, इतर रिसॉर्टांचे सात महिने आधी. वर्षाचे पॉइंट वापरायचे नसतील तर पहिल्या आठ महिन्यांत ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावे लागतात. पुढच्या वर्षाचे पॉइंट उसने आणण्याचीही सोय आहे. या साऱ्यातून जे निसटले ते वर्षाअखेरी लयाला जातात. पॉइंट वापरले काय आणि न वापरले काय, दरवर्षीचे देखभाल शुल्क चुकत नाही.

आणि ही मालकी कायमची नाही. पहिल्या पिढीतील बहुतेक रिसॉर्टांची खरेदीखते ३१ जानेवारी २०४२ रोजी संपतात. 'ओल्ड की वेस्ट'च्या ज्या सभासदांनी मुदतवाढ घेतली त्यांची २०५७ साली. त्यानंतर वास्तू पुन्हा कंपनीकडे जाते. मधल्या काळात सभासदाला आपला हिस्सा विकायचा असेल तर त्याच किमतीला तो विकत घेण्याचा अग्रहक्क कंपनीचा असतो. २०१९ पासून तर उघडलेल्या नव्या रिसॉर्टांचे पॉइंट एखाद्या सभासदाकडून विकत घेतले, तर नव्या मालकाला ते त्याच रिसॉर्टपुरते वापरता येतात. त्यामुळे खताला खरेदीखत म्हटले, तरी आशयाने तो दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाच राहतो.

काळ वाटून घेण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. सामाईक विहिरीचे पाणी भावाभावांत पाळीने वाटून घेतले जाते. खानदेशातील पांझरा नदीच्या खोऱ्यात फडपद्धतीने पाण्याची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या झाली. पाळी म्हणजे वेळेवरची मालकीच. परंतु विहिरीच्या पाळीमागे पिकाची तहान असते आणि भागीदार एकमेकांना ओळखत असतात. एखाद्याची पाळी वाया जाणार असेल तर तो शेजारच्या भावाला सांगतो. पाणी भागीदारांच्याच शेतात राहते. डिस्नेच्या विहिरीचे भागीदार मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. वाया जाणाऱ्या पाळीचे काय होते, हा प्रश्न येथे म्हणूनच निराळ्या वळणाने जातो.

४

त्या वळणाकडे जाण्यापूर्वी या व्यवहाराच्या भाषेकडे पाहू. आम्ही भाषा शिकवणारी माणसे असल्यामुळे आमची नजर आधी शब्दांवर जाणे स्वाभाविक आहे.

डिस्नेच्या परिभाषेत ग्राहकाला ग्राहक म्हणत नाहीत, 'पाहुणा' म्हणतात. नोकराला नोकर म्हणत नाहीत, 'नटसंचातील सभासद' म्हणतात. लोकांना दिसते ती जागा रंगमंच, न दिसणारी ती नेपथ्यामागची. उद्यानापुरते हे रूपक समजण्यासारखे आहे. तेथे खरोखरच नाटक चाललेले असते. व्हेकेशन क्लबात मात्र रूपक बदलते. रंगभूमीची जागा घर घेते. विकत घेतलेल्या रिसॉर्टला 'होम' म्हणतात आणि दाराशी आलेल्या सभासदाचे स्वागत 'घरी आलात!' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. नाटकाच्या रूपकात प्रेक्षक तिकीट काढतो आणि पडदा पडल्यावर निघून जातो. त्याचे देणे तेथे संपते. घराचे तसे नसते. घराची घरपट्टी असते, डागडुजी असते, आणि घराकडे फिरकला नाहीत तर मनाला लागणारी टोचणीही असते. सभासदत्व विकायला 'घर' हे रूपक का निवडले गेले असावे, हे येथे लक्षात येते. घर म्हटले की दरवर्षीच्या शुल्काला आपोआप नैतिक अधिष्ठान मिळते.

आता यात पोटभाडेकरूची गंमत पाहावी. पॉइंट भाड्याने घेऊन आलेल्या कुटुंबाचेही स्वागत बहुधा त्याच शब्दांनी होते. ज्याचे येथे काहीही नाही, जो पाच रात्री राहून निघून जाणार, त्याला 'घरी आलात' म्हटले जाते. ज्याच्या नावे खत आहे तो मात्र त्या वेळी आपल्या खऱ्या घरी, कदाचित ओहायोत किंवा न्यू जर्सीत, रद्द झालेल्या सुट्टीचा हिशेब करत बसलेला असतो. अतिवास्तवाचे उदाहरण शोधणाऱ्यांनी किल्ल्यापेक्षा हे दार पाहावे असे आम्हांला वाटते.

५

सुट्टी रद्द का होते? आजारपण, नोकरी जाणे, मुलांच्या परीक्षा, घटस्फोट, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा. अकरा महिने आधी आखलेल्या बेताला आयुष्य असे मधेच छेद देते. अशा सभासदांसाठी क्लबचा नियम असा आहे : मुक्कामाच्या दिवसाला तीस दिवसांहून अधिक अवधी असताना आरक्षण रद्द केले, तर पॉइंट जसेच्या तसे खात्यावर परत येतात. तीस दिवसांच्या आत रद्द केले, तर ते एका निराळ्या, जणू अडकवून ठेवलेल्या खात्यात जातात. तेथून ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाहीत, आणि आरक्षणासाठी वापरायचे तर फक्त पुढच्या साठ दिवसांतील मुक्कामासाठी. अगदी मुक्कामाच्या दिवशीच रद्द केले, किंवा न कळवता गेलाच नाहीत, तर ते गेले.

शेवटच्या घटकेच्या बाजाराचा उगम या नियमात आहे. पॉइंट अडकलेल्या सभासदाकडे साठ दिवस असतात आणि स्वतःला सुट्टी नसते. दुसरीकडे एखाद्या कुटुंबाकडे सुट्टी असते आणि पॉइंट नसतात. सभासद त्या कुटुंबाच्या नावे आरक्षण करून देतो आणि पॉइंटमागे ठरलेले भाडे घेतो. कधी हा सौदा परस्पर होतो, कधी दलालांमार्फत. दलाल काही रक्कम आरक्षणाच्या वेळी आणि उरलेली पाहुणा पोहोचल्यावर सभासदाला देतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, पाच रात्रींना शंभर पॉइंट लागतात आणि नेहमीचे भाडे पॉइंटमागे वीस डॉलर आहे. कुटुंबाला मुक्काम दोन हजारांत पडतो. त्याच खोलीसाठी कंपनीचा रोख दर बहुधा याहून बराच अधिक असतो. पण हे पॉइंट अडकलेले आहेत, मुदत सरत चालली आहे, म्हणून सभासद बारा डॉलरांवर तयार होतो असे समजू. त्याच्या हाती बाराशे डॉलर येतात. देखभाल शुल्क पॉइंटमागे नऊ डॉलर धरले तर त्यांतले नऊशे त्याने त्या वर्षी आधीच भरलेले असतात. उरले तीनशे. मूळ खरेदीसाठी त्याने जे हजारो डॉलर मोजले, आणि कर्ज काढले असेल तर जे व्याज भरले, त्याच्या पुढे हे तीनशे म्हणजे पिकाच्या जागी हाती आलेले काड. कुटुंबाला मिळालेली स्वस्ताई कंपनीच्या उदारपणातून आलेली नसते. दुसऱ्या कुटुंबाच्या मोडलेल्या बेतातून ती आलेली असते.

पोटभाडेकरूची बाजूही भक्कम नसते. उरलेल्या खोल्यांतून निवड करायची, म्हणजे मनाजोगते रिसॉर्ट मिळेलच असे नाही. अशा मुक्कामात रोजची खोलीसफाई नसते. उद्यानाचे तिकीट वेगळे काढावे लागते. आरक्षणात काही बदल करायचा झाला तर क्लब त्याच्याशी बोलत नाही. बदल करण्याचा अधिकार सभासदाचा. भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे उद्याने बंद झाली आणि ११ जुलैला ती टप्प्याटप्प्याने उघडू लागली. मधल्या काळात आगाऊ पैसे भरलेले पाहुणे, मुदतीला टेकलेले पॉइंट असलेले सभासद आणि दलाल यांच्यात जे वाद झाले, त्यांतून या व्यवहाराचा पाया किती तकलादू आहे हे दिसून आले. धोका कोणी पत्करायचा हे कोणीच नीट ठरवलेले नव्हते. ज्याच्या हाती शेवटी पैसे होते त्याच्या सोयीने ते ठरले.

६

आता मूळ प्रश्न. सभासदाने पॉइंट भाड्यानेही दिले नाहीत, तर ती रात्र कोणाची होते?

साठ दिवसांच्या आत जी खोली कोणाही सभासदाने मागितलेली नसते, ती कंपनी सर्वसामान्य पाहुण्यांना रोख दराने देऊ शकते. या उत्पन्नातील ठराविक मर्यादेपर्यंतची रक्कम सभासदांच्या संघाच्या खर्चाकडे वळते. मर्यादेपलीकडची कंपनीकडे जाते. येथे एक योगायोग लक्षात घ्यावा. अडकलेले पॉइंट ज्या साठ दिवसांत वापरायचे, तेच साठ दिवस कंपनीलाही उरलेल्या खोल्या विकायला मिळतात. म्हणजे घाईला आलेला सभासद आणि त्याचा पोटभाडेकरू हे ज्या रात्रीवर हात ठेवू पाहतात, तिच्यावर दुसऱ्या बाजूने कंपनीचाही हात आलेला असतो. शेवटच्या घटकेचे पोटभाडे म्हणजे कंपनीच्या हाती जाणारी उरलेली रात्र सभासदांच्या वर्तुळात धरून ठेवण्याचा दुबळा, विस्कळीत प्रयत्न होय. विहिरीची पाळी शेजारच्या भावाला सांगण्याचाच हा प्रकार आहे. फक्त हा भाऊ अनोळखी आहे आणि पैसे मोजतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला कंपनीच्या बाजूचा. सभासदत्व स्वतःच्या व आप्तेष्टांच्या उपभोगासाठी आहे, व्यापारासाठी नाही, असे करारात म्हटलेले असते. अधूनमधून भाड्याने देण्यास मनाई नाही. 'व्यापारी हेतू'ला आहे. बारा महिन्यांत वीसहून अधिक आरक्षणे झाली तर असा हेतू गृहीत धरण्याचे धोरण अनेक वर्षे सांगितले जात होते, आणि अलीकडच्या वर्षांत कंपनीची भूमिका अधिक कडक झाली आहे. या आक्षेपात तथ्य आहे. काही मंडळी हजारो पॉइंट जमवून, नेमक्या टंचाईच्या खोल्या अकरा महिने आधीच अडवून ठेवतात आणि पुढे चढ्या भावाने देतात. ही साठेबाजी आहे. तिचा फटका कंपनीला बसत नाही, दुसऱ्या सभासदांना बसतो. तिच्यावर निर्बंध असावेत. परंतु अकरा महिन्यांवर नजर ठेवणारा साठेबाज आणि साठ दिवसांत कोंडलेला सभासद हे एकाच 'व्यापारी' या शब्दाखाली आणणे अन्यायाचे आहे. पहिला टंचाई निर्माण करतो, दुसरा वाया जाणारी खोली वापरात आणतो. शब्द एक, अर्थ परस्परविरोधी. अशा शब्दाची फोड करणे हे समीक्षेचे नित्याचे काम आहे.

दुसरा आक्षेप बाजारपेठेवर श्रद्धा असणाऱ्यांचा : सर्वांचाच फायदा होत असताना एवढी चिकित्सा कशाला? कुटुंबाला स्वस्त खोली मिळाली, सभासदाचे शुल्क निघाले, कंपनीला उद्यानात तिकीट काढणारे पाहुणे मिळाले. हेही खरेच. पण तिघांच्या फायद्याची जात सारखी नाही. कुटुंबाचा फायदा एका सुट्टीपुरता आहे, सभासदाचा 'फायदा' म्हणजे कमी झालेले नुकसान आहे, आणि कंपनीने खरेदीची किंमत आधीच घेतलेली असून शुल्क चालूच आहे. ज्या व्यवस्थेत बेत मोडण्याचा सगळा धोका सुट्टी विकत घेणाऱ्यावर असतो, तिला केवळ 'सोय' म्हणून सोडून देता येत नाही.

आमच्या मते न्याय्य तरतूद अवघड नाही. तीस दिवसांच्या आत रद्द झालेली खोली कंपनीने रोख दराने विकली, तर त्या सभासदाच्या पुढच्या देखभाल शुल्कातून योग्य ती रक्कम वजा व्हावी. हे घडेपर्यंत पोटभाड्याचा मार्ग सामान्य सभासदासाठी मोकळा राहायला हवा. तो बुजवणे म्हणजे ज्याने रात्र विकत घेतली त्याच्याकडून ती दुसऱ्यांदा काढून घेणे होय.

७

मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी या दूरच्या प्रकरणात का शिरावे, असे कोणी विचारील. एक कारण घरचे आहे. टाइमशेअर भारतात येऊनही बराच काळ लोटला. 'स्टर्लिंग' १९८६ चे, 'क्लब महिंद्रा' १९९६ चे. पंचवीस वर्षांचे सभासदत्व, वर्षाला सात दिवस, आणि हंगामांना दिलेली रंगांची नावे, हा नमुना आपल्या शहरी मध्यमवर्गाने पाहिलेला आहे. 'मोफत सहल मिळाली आहे, जोडीने या' असे निमंत्रण देऊन चहाफराळासह तासन्‌तास केली जाणारी मनधरणीही अनेकांच्या परिचयाची असेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना ऑरलँडो दाखवणे हा तर जवळजवळ एक संस्कारच झाला आहे. तेव्हा हा करारनामा आपल्याही कपाटात आहे.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाला 'अपूर्वाई' हे नाव दिले. पूर्वी न घडलेले ते अपूर्व; मराठी प्रवासवर्णनाची मोठी परंपरा या नवलाईवर उभी आहे. टाइमशेअर याच्या उलट, पुन्हा पुन्हा जाण्याचे आश्वासन विकते. पुनरावृत्तीत वाईट काही नाही. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने त्याच गावी जातो आणि त्याची वाट शिळी होत नाही. अनेक क्लब-सभासदांचेही त्या रिसॉर्टांवर मनापासून प्रेम असते; तेथल्या तळ्याकाठी त्यांची मुले लहानाची मोठी झालेली असतात. त्या प्रेमाची टवाळी करण्याचे कारण नाही. फरक एवढाच, की वारीची पुनरावृत्ती व्रतातून येते. एखादे वर्ष चुकले तर वारकऱ्याला हळहळ वाटते, पण त्याची वारी कोणी दुसऱ्याला विकत नाही. पॉइंटांची पुनरावृत्ती देण्यातून येते. ती चुकली की तिचा लिलाव सुरू होतो.

या रचनेत 'चला, जाऊन येऊ' असे ऐन वेळी मनात येणे, म्हणजेच सुट्टी या शब्दाला आपण जो अर्थ देतो तो, फक्त पोटभाडेकरूच्या वाट्याला येतो. अकरा महिने आधी आपल्या इच्छेची तारीख ठरवणाऱ्या मालकाला ती मोकळीक नसते. मात्र पोटभाडेकरूची मोकळीकही दुसऱ्याच्या मोडलेल्या बेतावर उभी असते. मालकापाशी हक्क आहे आणि उसंत नाही. पाहुण्यापाशी उसंत आहे आणि हक्क नाही. हक्क आणि उसंत एकाच माणसाच्या हाती राहू नयेत अशा बेताने हे पंचांग आखले गेले आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

एको आणि बोद्रियार यांनी किल्ल्याचे खोटेपण दाखवले, ते मोलाचे काम होते. पण किल्ला खोटा आहे हे तेथे जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही थोड्याफार प्रमाणात ठाऊक असते. खत खरे आहे, शुल्क खरे आहे, २०४२ चा जानेवारी खरा आहे. चिन्हांच्या खेळावर प्रभुत्व मिळवलेल्या आपल्या समीक्षेने अधूनमधून करारनामे वाचायला घ्यावेत. त्यांतील 'घर', 'सभासद', 'पाहुणा', 'व्यापारी' या शब्दांची जी पिळवणूक चाललेली असते, ती एखाद्या कादंबरीतील निवेदकाच्या लबाडीइतकीच बारकाईने वाचण्याजोगी आहे. आणि कादंबरीच्या बाबतीत सहसा होत नाही ते येथे होते. नीट न वाचल्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते.